मुद्रांकाच्या पैशांत पंचवीस महिने: मावशी-काकांच्या घराचं प्रकरण

ऑगस्ट २०२३ मधल्या एका सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. "टोकन एक लाख द्यायचं की दोन?" कशाचं टोकन ते सांगितलंच नाही, मला ठाऊक असणार असं धरून चालले होते. मग मावशीने त्यांच्या हातून फोन घेतला. रविवारी दोघं पुण्याला येऊन गेले होते, ज्येष्ठांसाठीच्या एका संकुलात वन बीएचके पाहिला होता आणि काकांना तो पसंत पडला होता. "आणि तुला?" मी विचारलं. "बासुंदी चांगली होती. बिनसाखरेची," ती म्हणाली आणि गप्प बसली.

मी पुण्यात एका करसल्लागारांच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करते. नातेवाइकांना माझी आठवण जुलैत होते, रिटर्नच्या दिवसांत. मावशी-काकांचा मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे त्यांचे कागद मात्र बारा महिने माझ्याकडे असतात. पुढचं सगळं दोघांच्या परवानगीने लिहितेय. संकुलाचं नाव मुद्दाम गाळलंय.

बेत काय होता

डोंबिवली पूर्वेला काकांचं घर, इमारत १९८४ ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका मध्य रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले, तेव्हा वय ७६, उजवा गुडघा कुरकुरणारा आणि डावा खांदा आखडलेला. मावशी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, वय ७१. दोघांनाही पेन्शन. सोसायटीचा पुनर्विकास आठ वर्षं नुसता सभांमधून गाजत होता, तो त्या वर्षी एकदाचा मार्गी लागला. ७९ (अ) ची, म्हणजे पुनर्विकासासाठी विकासक निवडायची, सभा झाली, विकासक ठरला, दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहायला विकासकाकडून महिना १८,००० रुपये ट्रान्झिट भाडं, मुदत ३६ महिने.

काकांचा हिशेब सरळ होता. नव्या घराची चावी मिळेल तेव्हा आपण ७९ वर्षांचे असू. तोवर तीन वर्षं डोंबिवलीत भाड्याच्या जागांमधून ट्रंका हलवत बसायचं, तेही बहुतेक पुन्हा बिनलिफ्टच्या इमारतीत. त्यापेक्षा आहे ते घर आत्ताच विकून टाकू. शेजाऱ्यांच्या मेहुण्याने ५८ लाख देऊ केले होते. त्यात पोस्टातले थोडे घातले की पुण्याचं ६४ लाखांचं घर आपलं.

हा बेत वेडगळ नव्हता. आमच्या ऑफिसात येणाऱ्या कित्येक घरांनी हेच केलंय. जागा सोडायची तारीख डोक्यावर, गिऱ्हाईक दारात आणि रविवारची ती बासुंदी पोटात, असं सगळं एकदम जुळून आलं की माणूस सही करून मोकळा होतो.

मला खटकला तो क्रम. आधी विकायचं आणि मग नव्या जागी रुळतोय का ते बघायचं, यात कराचं एक घड्याळ लागतं. जुन्या घराच्या विक्रीवर झालेला दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त करायचा तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत दुसरं तयार घर घ्यावं लागतं. बांधायचं असेल तर तीन वर्षं मिळतात. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात टाकायचे. १९८४ सालच्या घराला १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, तो धरूनही नफा दणदणीत निघत होता. म्हणजे घर विकून "जरा राहून बघू" म्हटलं असतं, तर विसाव्या-एकविसाव्या महिन्यात, मन लागो न लागो, कुठेतरी खरेदीखत करायला धावावं लागलं असतं. घर विकलंच नाही तर घड्याळही लागत नाही.

हे मी काकांना फोनवर समजावत होते. पलीकडून मावशीने विचारलं, "बिल्डर महिन्याला अठरा हजार देणार ना? ते डोंबिवलीतच राहून खर्च करा असं करारात लिहिलंय का?"

तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी करार तीनदा वाचला होता आणि हे मला सुचलं नव्हतं.

रेल्वेच्या डायरीतला हिशेब

"भाडं म्हणजे पाण्यात पैसे." हे वाक्य काकांच्या पिढीत इतकं मुरलंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आकडे मांडायला मात्र त्यांची ना नसते. शेवटी लेखा विभागाचा माणूस. पुढच्या रविवारी डोंबिवलीला गेले आणि त्यांच्याच जुन्या रेल्वेच्या डायरीत मांडणी केली.

संकुल पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, २०२१ मध्ये जी २३ गावं महापालिकेत आली त्यांपैकी एका गावात. तिथे ६४ लाखांच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४,४८,००० रुपये. नोंदणी फी एक टक्का, पण तिला ३०,००० ची कमाल मर्यादा. एकूण ४,७८,०००. (एकट्या मावशीच्या नावावर घेतलं असतं तर महिलांच्या एक टक्का सवलतीचे ६४,००० वाचले असते. दोघांच्या नावावर घेतलं की ती सवलत जाते. एकट्या मावशीच्या नावावर चालेल का, हे मी काकांना विचारलं नाही. मावशीनेही विचारलं नाही.)

त्याच संकुलात तेवढंच घर १९,००० रुपये भाड्याने मिळत होतं. ४,७८,००० भागिले १९,०००. भागाकार काकांनी स्वतः केला, कागद न घेता. पंचवीस महिने आणि वर थोडे. नुसते सरकारजमा होणारे पैसे, आणि घर पुढे विकलं तरी ते परत येणार नाहीत. ६४ लाख कुठे साडेसात टक्क्यांनी गुंतवले तर करापूर्वी महिन्याला ४०,००० येतात, हेही मी लिहिलं. त्या वर्षीच्या एप्रिलपासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के झाला होता आणि माणशी मर्यादा ३० लाख, तेव्हा साडेसात काही फुगवून धरलेले नव्हते. अर्थात डोंबिवलीचं घर विकल्याशिवाय ते ६४ लाख काकांच्या हाती नव्हतेच. हे त्यांनी लगेच दाखवून दिलं आणि ते बरोबर होतं.

भाड्याच्या करारात किती पैसे जातात? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामतीचं दहा टक्क्यांनी मानीव व्याजही धरतात. अकरा महिने, ७५,००० अनामत, असं धरून मुद्रांक साडेपाचशेच्या आत आणि नोंदणी एक हजार. एका पानावर ४,७८,००० आणि समोरच्या पानावर दीड हजार.

काकांनी डायरी मिटली. दोन दिवसांनी फोन केला. "अकरा महिने. बारावा नाही."

सेवा करार, आणि माझी चूक

घरमालक बंगळुरूचा एक इंजिनिअर. घर त्याने आईसाठी घेतलं होतं, दोन वर्षांत ती गेली. संकुलात राहायला किमान साठ वर्षं पूर्ण लागतात आणि हा पंचेचाळिशीचा, त्यामुळे स्वतःच्या मालकीच्या घरात त्याला मुक्काम करता येत नाही. पाहुणा म्हणून सलग पंधरा दिवस, बस्स. विकायचं तर घेणाराही साठीचाच लागतो. माणूस सरळ होता. भाडेकरू मिळाला याचाच त्याला आनंद झालेला दिसला.

जानेवारी २०२४ मध्ये दोघं राहायला आले. महिन्याचं गणित असं: भाडं १९,०००, सेवा शुल्क ७,८०० (झाडलोट, देखभाल, दवाखान्याची खोली, नर्स), मेसचे माणशी ७,००० म्हणजे १४,०००, वीज ११०० च्या आसपास. एकूण ४१,९००. त्यातले १८,००० डोंबिवलीचा बिल्डर देत होता, ट्रान्झिट भाड्याचे अकरा चेक त्याने आगाऊ दिले होते. उरलेले २३,९०० पेन्शनमधून सहज निघत.

चूक कुठे झाली ते सांगते. भाडेकराराचा शब्दन् शब्द मी तपासला आणि 'सेवा करार' नावाचा बारा पानी कागद नुसता चाळला. भाडेकरार मालकाशी असतो. सेवा करार संकुल चालवणाऱ्या कंपनीशी, आणि तो घराला चिकटलेला असतो, माणसाला नाही. प्रवेशाचे म्हणून २५,००० घेतले, परत न मिळणारे. घर बदललं की ते पुन्हा. याचा चटका पुढे बसला. शिवाय मेस महिनाभर बंद ठेवली तरी वीस दिवसांचे पैसे द्यावेच लागतात, हेही त्याच कागदात होतं, नवव्या पानावर.

उजेडाच्या खिडक्या

सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीने आम्हाला सांगितलं होतं, "जवळजवळ सगळी घरं गेली आहेत." ते खरंच होतं. गेली होती, म्हणजे विकली गेली होती.

मावशीला संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसायची सवय लागली. आठ वाजता ती खिडक्या मोजायची. शाळेत हजेरी घेतल्यासारखी, विंगवार. तीन विंगा, ९६ घरं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ४१ खिडक्यांत दिवा होता. शनिवारी ४६. बाकीची घरं परदेशातल्या मुलांनी 'पुढे आई-बाबांना होईल' म्हणून घेऊन ठेवलेली, किंवा मालक गेल्यावर तरुण वारसांकडे अडकलेली, किंवा कोथरूडचं घर न सोडलेल्यांनी शनिवार-रविवारसाठी ठेवलेली.

मला आधी ही नुसती करमणूक वाटली. मग जूनमध्ये मेसचा कंत्राटदार बदलला आणि आमटी पातळ झाली. पहिला होता तो सांगलीकडचा, त्याची भाकरी काकांनाही आवडायची. तो का गेला याची मावशीने स्वयंपाकघरात जाऊन चौकशी केली. त्याने दर शंभर ताटांच्या हिशेबाने दिला होता आणि ताटं पासष्टच्या वर कधी गेली नाहीत. नव्याने त्याच दरात काम घेतलं आणि डाळीत भरून काढलं. गुरुवारच्या साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे हाताने शोधावे लागतात, असं काका म्हणत. सगळी व्यवस्था डोकी मोजून चालते, मग डोकी कमी झाली की आधी ताट हलकं होतं, मग दुपारची नर्स जाते, मग एप्रिलमध्ये सेवा शुल्क दहा टक्क्यांनी वाढतं. मावशी बाकावरून जे मोजत होती ते माहितीपत्रकात कुठेच नव्हतं, आणि रविवारी दुपारी बघायला येणाऱ्याला दिवे दिसतही नाहीत.

लिफ्टच्या मागे एक सूचनाफलक आहे. त्यावर 'घर विकणे आहे'च्या सात चिठ्ठ्या होत्या. एकीवर २०२२ ची तारीख आणि बुरशी.

रात्री अडीच

एप्रिलमधली गोष्ट. काका रात्री बाथरूमला उठले, साखर उतरली, घेरी आली आणि ते प्लास्टिकच्या स्टुलावर मटकन बसले. मावशीने कमोडजवळची लाल दोरी ओढली.

फाटकाजवळच्या पॅनेलवर दिवा लागला, पण त्यावर फक्त 'बी विंग' एवढंच उमटायचं. बी विंगेत ३२ घरं. पहाऱ्यावरचा मुलगा वीस-बावीसचा, नांदेडकडचा, एकेका मजल्यावर जाऊन दाराला कान लावत वर आला. नऊ मिनिटं लागली. मावशीने घड्याळ बघून ठेवलं होतं. येताना तो व्हीलचेअर घेऊन आला, हे त्याचं शहाणपण. पण व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून धड आत घेता येईना. नर्स सकाळी आठ ते रात्री आठ. 'डॉक्टर ऑन कॉल' म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एक नंबर. तोवर मावशीने साखरेचं पाणी पाजलं होतं आणि काका त्या मुलालाच विचारत होते, "तुझी ड्युटी किती तासांची रे?"

सकाळी तिने शिवणकामाचा टेप काढला. बाथरूमचं दार २७ इंच. व्हीलचेअर चाकांच्या कड्यांसकट साडेपंचवीस, आणि कड्यांवर हात असले की बोटांची सालं निघतील. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवरच्या नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जे मापदंड काढले त्यांत दारं ९०० मिलिमीटरची, म्हणजे साधारण ३५ इंचांची, सांगितली आहेत. ही इमारत त्याआधीची. कमोडशेजारची आधाराची दांडी डाव्या भिंतीला होती, आणि काकांचा डावा खांदा वर उचलतच नाही. म्हणजे ती टॉवेल वाळत घालायला उपयोगी.

तक्रार केली. व्यवस्थापनाने दोन महिन्यांत पॅनेल बदललं, आता घराचा क्रमांक दिसतो. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. दारं मात्र तेवढीच आहेत.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की मी सांगते, अशा ठिकाणी भाड्याने राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच रात्री दोनला ती दोरी ओढून बघा. कोण येतं, किती वेळात येतं, येताना काय घेऊन येतं ते लिहून ठेवा. व्यवस्थापन रागावलं तर तीही माहितीच.

मे महिन्यात टँकर सुरू झाले. हद्द महापालिकेची असली तरी नळाचं पाणी पुरत नाही, आणि टँकरचा खर्च घरटी वाटला जातो. त्या महिन्यात १,४०० आले. मालक म्हणाला, पाणी तुम्ही वापरता. काका म्हणाले, पाणी हा देखभालीचा भाग. शेवटी निम्मे-निम्मे. भाडेकरारात हे आधीच लिहून घेता येतं. पुढच्या वेळी आम्ही लिहून घेतलं.

एकाच घरात दोन निकाल

आता जरा नाजूक भाग. जागा बघायला दोघं एकत्र जातात आणि "आम्हाला आवडली" असं अनेकवचनात सांगतात. अकरा महिन्यांत हे अनेकवचन सुटं होतं.

मावशी तिथे खुलली. भजनाच्या गटात गेली, वाचनालयाची कपाटं लावली, झाडलोट करणाऱ्या बायकांच्या दोन मुलींना दुपारी गणित शिकवायला लागली. स्वयंपाकातून चाळीस वर्षांनी सुटका झाली याचा आनंद ती लपवत नव्हती. आमटी पातळ असली तरी ती दुसऱ्याने केलेली होती.

काका आक्रसले. जेवण सव्वासातला, आणि त्यांची सवय नऊच्या बातम्यांनंतरची. दुपारी एक ते चार सगळं संकुल इतकं चिडीचूप की चप्पल वाजली तर दारं किलकिली होतात. गप्पांचे विषय पेठांमधले, शाळा-कॉलेजांची नावं पुण्यातली, हे 'मुंबईकर'. रेल्वेची औषधंही आता पुण्याच्या रेल्वे रुग्णालयातून आणायची, यूमिड कार्ड (रेल्वेचं वैद्यकीय ओळखपत्र) घेऊन, जाऊन-येऊन अर्धा दिवस. तीन महिन्यांनी ते मला म्हणाले, "इथे लोकलचा आवाज येत नाही गं. झोप लागत नाही."

त्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली ती डोंबिवलीतच, आणि काका पहिल्या वर्षापासून तिथे हजर. आदल्या दिवशी एकटेच गेले, फडके रोडजवळ मित्राकडे राहिले. परत आले ते इमारत पाडलेली बघून. तिथे काय दिसलं, विचारल्यावर म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतलं पिंपळाचं झाड. चाळीस वर्षांत आमच्या दारातून कधी दिसलं नव्हतं."

दुसरीकडे मावशी संकुलाच्या खरेदीखताचा नमुना मागून घेऊन तो वाचत बसली. शिक्षिकेची सवय, तांबडी पेन्सिल हातात. तिने खूण केलेलं एक कलम मी आता प्रत्येकाला दाखवते: रहिवासी 'स्वतःची दैनंदिन कामं स्वतः करू शकणारा' असावा. तसा राहिला नाही तर चोवीस तासांची मदतनीस ठेवायची, तीही कंपनीच्या यादीतल्या एजन्सीकडून, तिच्या मेसचे पैसे वेगळे. लोक घर घेतात ते अंथरुणाला खिळण्याच्या भीतीने, आणि नेमक्या त्या दिवसांसाठी करारात हे एवढंच आहे. बाकावर तिच्या शेजारी बसणाऱ्या एक ऐंशीच्या आजी होत्या, यजमान गेलेले. सेवा शुल्क माणशी नसतं, घरटी असतं, हे त्यांच्याकडून कळलं. दोघं असताना ७,८००, एक उरल्यावरही ७,८००. "जेवायचे तेवढे निम्मे झाले," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरची चिठ्ठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मालकाचा निरोप आला. त्याला घर विकायचं होतं, पहिला हक्क तुमचा, किंमत ६० लाख. वर्षभरापूर्वी नव्याचा भाव ६४ होता. म्हणजे बाजार कुठल्या दिशेने चाललाय ते त्या एका आकड्यातच होतं.

मला वाटलं होतं, काका आता हट्ट धरतील. उलटंच झालं. काका म्हणाले, नको. आणि मावशी, जिला वर्षापूर्वी फक्त बासुंदी आवडली होती, तिला इथेच राहायचं होतं. न्यू जर्सीहून मुलगा म्हणाला, घेऊन टाका, चार लाख स्वस्त मिळतंय, पुढे मला होईल. मी त्याला त्याचं वय विचारलं. चव्वेचाळीस. "मग सोळा वर्षांनी राहायला जा," मी म्हटलं, "आणि तोवर सेवा शुल्क भर." फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या आठवड्यात घरात थोडं धुमसत होतं. खरेदी करायची असती तर दोघांपैकी एकाला हरावं लागलं असतं, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. घर घ्यायचं म्हणजे डोंबिवली विकायची, आणि काकांसाठी तो परतीचा रस्ता होता. भाड्यात ती वेळ आली नाही. मावशीनेच तोडगा काढला: ज्या गोष्टी खुपतात त्या बदलून बघू. सी विंगेत तळमजल्यावर, भोजनगृहापासून चाळीस पावलांवर एक घर रिकामं होतं. भाडं २०,५००, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ. या वेळी करार २४ महिन्यांचा, टँकरचा खर्च मालकाकडे, आधाराची दांडी बसवायची परवानगी लेखी, आणि दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर एक महिन्याच्या नोटिशीवर जागा सोडायची मुभा. हे शेवटचं कलम लिहिताना माझा हात अडखळला. मावशी म्हणाली, "लिही. त्यात काय."

सेवा कराराचे प्रवेशाचे २५,००० पुन्हा मागितले गेले. मी जाऊन भांडले, निम्म्यावर आले. ते साडेबारा हजार माझ्या निष्काळजीपणाचे. मी द्यायला निघाले होते, काकांनी घेतले नाहीत आणि डायरीत मात्र माझ्या नावापुढे लिहून ठेवले.

भाड्याने राहण्यात सगळं गोड नाही, हेही लिहायला हवं. अकरा महिन्यांत घर हलवावं लागलं, ७७ आणि ७२ व्या वर्षी. बिल्डरचे दुसऱ्या वर्षाचे चेक सात आठवडे उशिरा आले. पेन्शन होती म्हणून निभावलं, ज्यांची सगळी भिस्त ट्रान्झिट भाड्यावर त्यांचं त्या सात आठवड्यांत काय झालं असेल ते डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसत होतं. रहिवाशांच्या सभेत भाडेकरूला बसता येतं, बोलता येत नाही. काकांसारख्या माणसाला हे फार लागतं. सभेत ताळेबंदाची बेरीज चुकलेली दिसत होती आणि तोंड बंद ठेवावं लागलं. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहून खजिनदारांकडे पाठवली. तेव्हापासून खजिनदार महिन्यातून एकदा कागद घेऊन चहाला येतात, आणि मावशीच्या मते काकांची झोप तेव्हापासून सुधारली आहे.

सी विंगेचा करार नोव्हेंबर २०२६ अखेर संपतो. डोंबिवलीचा ताबाही करारानुसार त्याच सुमारास. दोन्ही तारखा जुळतील यावर माझा विश्वास नाही. काकांचा आहे. नव्या इमारतीत लिफ्ट दोन आहेत, हे ते मला दर फोनला सांगतात. मावशी तेव्हा दुसरंच काहीतरी बोलायला लागते.

दांडी मात्र या वेळी उजव्या भिंतीला बसली. स्टेनलेस स्टीलची, मिस्त्रीच्या मजुरीसकट २,३००. भोकं पाडून झाल्यावर मिस्त्रीने दोन जादाचे स्क्रू परत दिले. ते काकांनी काड्यापेटीत घालून, वर 'सी-४, बाथरूम' असं लिहून कपाटात ठेवलेत. जाताना दांडी काढून न्यायची आहे म्हणाले.